परदेशातली इटालियन आधुनिक कलेची प्रदर्शनं आणि व्याख्यानं बघण्या-ऐकण्यासारखी असतात, की नुसती त्यांच्या सरकारची जाहिरात?

जाहिरात असतेच, पण म्हणून टाळू नका. तुम्ही लंडनला शिकायला येताय असं लिहिलंय, म्हणून लंडनपुरतंच सांगतो.

मुळात ही जाहिरातबाजी सरकारने नाही, कलावंतांनीच सुरू केली. फ्युचरिस्ट म्हणजे वेग आणि यंत्रांचं कौतुक करणारे इटालियन कलावंत. त्यांचा जाहीरनामा गाजला तो १९०९ साली पॅरिसच्या 'ल फिगारो' या दैनिकाच्या पहिल्या पानावर. १९१२ च्या मार्चमध्ये त्यांची चित्रं इथल्या सॅकव्हिल गॅलरीत लागली आणि त्यांचा पुढारी कवी मारिनेत्ती बेकस्टाइन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या विग्मोर हॉलमध्ये, चक्क फ्रेंचमधून भाषण ठोकून गेला. दोन वर्षांनी त्यांच्यातलाच रुसोलो आपली गोंगाट करणारी यंत्रं घेऊन कलिसियम थिएटरात हजर. लोक खवळले तरी चालेल, पण दखल घेतली पाहिजे, असा सगळा मामला.

आता बघायचं कुठे? कॅननबरी स्क्वेअरमधलं एस्टोरिक कलेक्शन. हायबरी अँड इझलिंग्टन स्टेशनवरून चालत जाता येतं. जुन्या घरातलं आधुनिक इटालियन कलेचं छोटंसं संग्रहालय, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. फ्युचरिस्ट चित्रकार बाल्लाचं १९१२ चं व्हायोलिनवादकाच्या हाताचं चित्र इथलंच. त्यात वादकाचा चेहरा नाहीच. एकच हात, पण त्याची बोटं इतक्या वेळा काढलीत की हात थरथरतोय असं वाटतं. त्यापुढे जरा जास्त वेळ उभे राहा.

या संग्रहामागची गोष्टही मजेशीर आहे. एरिक एस्टोरिक हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. १९४७ मध्ये मधुचंद्राला स्वित्झर्लंडला गेला, तिथे फ्युचरिस्ट चित्रकार बोच्चोनीचं पुस्तक हाती लागलं आणि स्वारी थेट मिलानला, चित्रकार सिरोनीच्या स्टुडिओत. गाडी भरेपर्यंत चित्रं घेतली म्हणे! पण हा सिरोनी मुसोलिनीचा कट्टर समर्थक, त्याच्या वर्तमानपत्रात चित्रं काढणारा. व्याख्यानाला गेलात तर नेमकं याबद्दल विचारा. वक्ता किती मोकळेपणाने बोलतो, त्यावरून कार्यक्रमाचा दर्जा लगेच कळतो.

कलावंतांचं फॅसिस्टांशी असलेलं नातं वगळण्याची सवय जुनीच. १९४९ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने विसाव्या शतकातल्या इटालियन कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यात सुरुवातीच्या फ्युचरिस्टांना मानाचं पान मिळालं, पण पहिल्या महायुद्धानंतरचा, फॅसिस्ट राजवटीशी जवळीक असलेला फ्युचरिझम बाजूला राहिला. बाहेरच्या जगाच्या डोक्यात पुढे कित्येक वर्षं तेच चित्र बसलं. माझ्या मते सरकारी पैशापेक्षा हे जास्त घातक, कारण जाहिरात निदान जाहिरात म्हणून ओळखू तरी येते.

आणखी एक. इटलीत दिवंगत कलावंतांची सत्तर वर्षांहून जुनी कामं परवानगीशिवाय कायमची देशाबाहेर नेता येत नाहीत (२०१७ पर्यंत ही अट पन्नास वर्षांची होती). त्यामुळे तिथली महत्त्वाची चित्रं इथे येतात ती बहुतेक वेळा उसनी, काही महिन्यांपुरती. पुढच्या वेळी बघू म्हणून सोडू नका.

व्याख्यानांसाठी बेलग्रेव्ह स्क्वेअरमधल्या इटालियन सांस्कृतिक संस्थेवर लक्ष ठेवा. ही सरकारी आहे, उद्घाटनाला राजदूतांचं भाषण झालंच तर ऐकून घ्यावं लागेल. नाव मात्र आधी नोंदवा. आणि बसताना मागे बसू नका, चित्रांच्या स्लाइड मागून नीट दिसत नाहीत.