कोरी सारखा वर का येतोय?

प्रश्न: ताई, पोरासाठी टाकीत दोन ठिपकेवाले कोरीडोरास (कोरी) मासे आणलेत, सारखे सर्रकन वर येऊन तोंड मारून खाली जातात, हवा कमी पडतीय का? मिशा पण झिजल्यात. (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर: दादा, अधूनमधून वर येणं नॉर्मल आहे, हा मासा हवेचा घोट गिळतो आणि आतड्यातनं ऑक्सिजन घेतो. पण सारखाच येत असेल तर पाणी तापलंय का बघा, 22 ते 25 डिग्री याला मानवतं आणि आपल्याकडचा एप्रिल तर माहितीच आहे, टाकी खिडकीपासनं लांब घ्या, थोडं थोडं पाणी बदला.

मला खरी काळजी मिशांची वाटतीय. तळाला टोकदार खडी असेल तर आजच काढा, बारीक धुतलेली वाळू घाला, कारण हा दिवसभर तोंड खुपसून मिशांनीच खाणं शोधतो. अंगावर खवले नाहीत, हाडाच्या पट्ट्यांच्या दोन रांगा आहेत, पण मिशा फार नाजूक. पकडताना जाळी नको, परांचे काटे अडकतात, मगानं उचला. आणि दोनच ठेवू नका हो, सहा तरी पाहिजेत, एकटे पडले की बुजतात.

हा मासा दक्षिण अमेरिकेतल्या ला प्लाटा नदीच्या खोऱ्यातला, शास्त्रज्ञ डार्विननं बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केलेला, 1842 मध्ये याचं वर्णन छापलं गेलं. पोराला हे नक्की सांगा. नकोसे झाले तरी कृष्णेत सोडू नका.