चाकाखालची वहाण: घोड्यांच्या गाडीचा 'ब्रेक' मराठीत कसा लिहावा?

एका अनुवादिकेचा प्रश्न असा आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात घोड्यांच्या मोठ्या गाड्यांतून झालेल्या स्थलांतराचे जुने वर्णन त्या मराठीत आणत आहेत. त्यात डोंगर उतरताना गाडीवान कधी मागच्या चाकाखाली लोखंडी 'शू' घालतो, कधी चाक साखळीने बांधतो, आणि एका ठिकाणी तर गाडीच्या मागे अख्खे झाड बांधले जाते. 'ब्रेक' लिहिले की मोटार आठवते, 'गतिरोधक' लिहिले की रस्त्यावरचा उंचवटा डोळ्यांपुढे येतो, आणि 'खीळ' लिहावे तर अर्थाबद्दल मनात शंका राहते. त्यांचा कच्चा तर्जुमा असा आहे: "उतार लागताच त्याने लगाम खेचला, चाकाला बूट घालून ब्रेक लावला आणि वॅगन थांबत थांबत खाली आली." या वाक्यात नेमके काय खटकते आहे आणि त्याला अस्सल मराठी शब्द आहेत का, असे त्यांनी विचारले आहे.

या सगळ्यांना मिळून एकच मराठी शब्द शोधू नये, असे माझे मत आहे. मूळ वर्णनात चार वेगवेगळ्या क्रिया आहेत: चाकाखाली 'शू' घालणे, चाक साखळीने बांधणे, मागे झाड बांधणे आणि दांडा ओढून ब्रेक लावणे. प्रत्येक क्रियेत काय कशावर घासते हे एकदा नीट पाहिले, की शब्द बहुतेक आपल्याच बोलीत सापडतात.

सुरुवात लगामापासून करू, कारण त्या वाक्यातली मोठी चूक तिथे आहे. लगाम घोड्याला थांबवतो, गाडीला नाही. सपाटीवर या दोन गोष्टी एकच वाटतात, कारण गाडी घोड्याने ओढली तरच चालते. पण उतारावर हे नाते उलटे होते आणि तिथे गाडीच घोड्याला मागून ढकलू लागते. हा रेटा झेलण्यासाठी घोड्याच्या पुठ्ठ्यामागून एक रुंद चामडी पट्टा घेतलेला असतो. घोडा त्या पट्ट्यात मागे रेलतो, खूर रोवतो आणि ओझे अडवून धरतो. चार किंवा सहा घोड्यांच्या गाडीत हे काम फक्त गाडीला लागून जुंपलेल्या मागच्या जोडीला करता येते. पुढच्या जोड्या केवळ ओढण्यापुरत्या असतात आणि उतारावर त्यांचा काही उपयोग नसतो. ओझे या दोन जनावरांच्या ताकदीबाहेर गेले, तर लगाम कितीही खेचला तरी गाडी त्यांच्या अंगावर येणारच. म्हणूनच चाकालाच धरून ठेवण्याच्या युक्त्या निघाल्या. 'महागाईला लगाम' हे वृत्तपत्री मराठीत शोभते, पण घाट उतरणाऱ्या गाडीच्या वर्णनात 'लगाम खेचला आणि गाडी थांबली' असे लिहिले, तर ज्याने गाडी हाकली आहे तो वाचक तिथेच थबकेल.

आता आपल्याकडच्या एका शब्दाकडे वळतो. आमच्या भागात, म्हणजे उसाच्या पट्ट्यात, चढावर गाडी मागे येऊ नये म्हणून चाकामागे जो दगड लावतात त्याला 'उटी' म्हणतात. चंदनाची उटी वेगळी आणि ही वेगळी. लहानपणी भरल्या गाडीमागून चालण्याचे काम माझ्याकडे असे. दोन्ही हातांत मावेल असा, एका अंगाने चपटा धोंडा पोटाशी धरून मी मागच्या बाजूला, पण चाकाच्या रेषेच्या जरा बाहेर चालायचो. बैल दमून थांबले की काका पुढून ओरडत, "उटी लाव!" धोंडा चपट्या अंगाने चाकाशी भिडवायचा आणि हात लगेच काढून घ्यायचा, अशी शिस्त होती, चाक बोटभर मागे सरकून दगडावर टेकले, की त्याखालची खडी करकरल्याचा आवाज येई आणि बैलांच्या माना सैल पडत. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या, तरी त्यांच्या चाकांना लावतात ती उटीच. घोड्यांच्या गाड्यांना हीच सोय इंग्लंडमध्ये लाकडी रुळाच्या रूपात केलेली असे. हा रूळ साखळ्यांनी बांधून मागच्या चाकाच्या मागोमाग लोळत येई आणि गाडी मागे हटू लागली की चाक आपोआप त्यावर अडे. त्याला 'मागोमाग लोळणारी उटी' म्हटले तर मराठी वाचकाला वेगळा खुलासा लागणार नाही. मात्र उटी उभ्या गाडीची किंवा चढावरची. उतारावर चालत्या चाकापुढे कोणी दगड टाकत नाही. अनुवादिकेच्या उताऱ्यात उतार आहे, म्हणून तिथे हा शब्द चालणार नाही.

उतारावरचा तो लोखंडी 'शू' म्हणजे एक जाड पत्रा असतो. त्याच्या दोन्ही कडा वर वळवलेल्या असतात, त्यामुळे तो आखूड पन्हळीसारखा दिसतो, आणि तो साखळीने गाडीच्या सांगाड्याला बांधलेला असतो. गाडीवान उताराच्या माथ्यावर गाडी थांबवून हा पत्रा मागच्या एका चाकापुढे ठेवतो. घोडे एक पाऊल पुढे गेले की चाक त्यावर चढते, साखळी ताणली जाते आणि चाकाचे फिरणे बंद होते. पुढे सगळा उतार ते चाक त्या पत्र्यात बसून घसरत येते. म्हणजे चाक जागच्या जागी थांबले तरी गाडी थांबत नाही, ती घसटत आणि आवरत खाली येते. पायथ्याशी घोड्यांना एखादे पाऊल मागे घ्यायला लावून चाक पत्र्यावरून उतरवायचे, तापलेला पत्रा जपून उचलायचा आणि गाडीखालच्या आकड्याला अडकवून ठेवायचा.

हा पत्रा का हवा, चाक नुसते बांधून भागणार नाही का, असा प्रश्न इथे येतो. त्याचे उत्तर चाकाच्या धावेत आहे. लाकडी चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी तापवून चढवतो आणि पाणी ओतून आकसवतो, ती धाव. नुसते बांधलेले चाक घसरले तर धावेचा एकच तुकडा सगळा घाट घासत राहतो, तिथे ती चपटी होते, आणि पुढे गाडी सपाटीला लागली की प्रत्येक फेऱ्याला त्या जागी ठोकर बसते. पत्रा मध्ये असला तर झीज तो सोसतो. तो झिजला की नवा आणता येतो. धाव बदलायची तर चाक काढून लोहाराकडे न्यावे लागते.

म्हणून मी 'चाकाची वहाण' हा शब्द सुचवतो. 'बूट' म्हटले की पाय झाकणारी वस्तू डोळ्यांपुढे येते, तर वहाण तळव्याखाली असते आणि तळव्याऐवजी झिजते, आणि या पत्र्याचे कामही नेमके तेच आहे. शब्द जुना आहे, संस्कृत 'उपानह्'पासून प्राकृतातून आलेला. 'वहाण घातली', 'वहाण चढवली', 'वहाण काढली' ही क्रियापदेही आयती मिळतात. इंग्रजीतही या वस्तूचे एक नाव 'स्लिपर' असेच आहे, हे कळले तेव्हा मला फार समाधान वाटले. 'शू' तसाच ठेवू नये, याला आणखी एक कारण आहे. आपल्या गॅरेजमध्ये 'ब्रेकचे शू घासलेत' असे रोज म्हटले जाते, पण तो शू ड्रमच्या आत असतो आणि फिरत्या चाकाला आतून घासतो. हा मात्र चाक आणि रस्ता यांच्यामध्ये असतो. शब्द एकच ठेवला, तर वाचकापुढे चुकीचे यंत्र उभे राहील.

इतर भाषांनी या वस्तूला काय म्हटले ते पाहण्यासारखे आहे, कारण तिथेही पायताणच दिसते. फ्रेंचमध्ये तिला 'साबो', म्हणजे लाकडी जोडा म्हणतात. जर्मन 'हेमशू' म्हणजे अडवणारा जोडा. गाड्या गेल्या तरी हा शब्द 'प्रगतीतला अडथळा' या अर्थाने त्या भाषेत राहिला. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेत 'रेमस्कून' हा त्याचाच भाऊबंद आहे आणि तिथे तो नव्याला विरोध करणाऱ्या जुन्या वळणाच्या माणसालाही लावतात. फ्रेंचांचे 'आंरेये' हे क्रियापद आऱ्यांवरून आले आहे. त्याचा मूळ अर्थ चाकाच्या आऱ्यांना अडवणे असा, आणि आज ते रोगाची साथ आटोक्यात आणण्यासाठी वापरतात. सगळ्यांत जुना दाखला रोमन आहे. लॅटिनमध्ये गाडीच्या या अडवणुकीला 'सुफ्लामेन' म्हणत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा उपहासकवी युवेनाल एका कॉन्सलला, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला, फटकारतो, ते हा मोठा माणूस स्वतः खेचरवाल्यासारखे चाकाला सुफ्लामेन लावतो म्हणून. ऑगस्टस बादशहाने तर धबधब्यासारखे बोलणाऱ्या हातेरियस या वक्त्याला सुफ्लामेन लावायला हवे, असे म्हटल्याची नोंद आहे. युवेनालच्या ओळीतले क्रियापद 'आवळतो' या अर्थाचे आहे, हे लक्षात ठेवावे. त्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

साखळीने चाक बांधण्याला मराठीत 'चाक जखडणे' म्हणावे. याहून चांगला शब्द मला सुचत नाही. अमेरिकेत याचा एक जबर प्रकार होता. साखळीचा वेढा चाकाच्या पाट्याभोवती अशा जागी घेत की चाक जखडल्यावर ती साखळी चाकाखाली यावी आणि जमीन उकरत जावी. बर्फावर आणि निसरड्या उतारावर वहाण नुसतीच घसरते, तिथे ही साखळी पकड घेई.

झाड बांधण्याचा प्रसंग मात्र मराठीत सहज उतरेल, कारण त्यासाठी आपल्याकडे 'लोढणे' आहे. उनाड गुराच्या गळ्यात जो ओंडका अडकवतात तो लोढणे, आणि गाडीमागे बांधलेले झाड हेच काम करते. ओरेगॉनमध्ये माउंट हूडच्या दक्षिणेकडून जाणारा बार्लो मार्ग 1846 साली खुला झाला. त्या वाटेवरची लॉरेल हिल ही उतरण इतकी उभी होती की लोक दोर झाडांच्या बुंध्यांना वेढून गाड्या हळूहळू खाली सोडत आणि तोडलेली झाडे लोढण्यासारखी मागे बांधत. दक्षिण आफ्रिकेत ड्राकेन्सबर्ग उतरताना बोअर लोकांनी, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या वसाहतकऱ्यांनी, आपल्या बैलगाड्यांची मागची चाकेच काढली आणि त्या जागी फांद्या बांधून गाड्या खाली ओढत नेल्या. चाकच नाही तिथे ब्रेक कशाचा लावणार? अशा ठिकाणी 'ब्रेक' हा शब्द अर्थाला अपुरा पडतो.

चौथी क्रिया मात्र खरोखर ब्रेकची आहे, आणि तिथे हा शब्द नि:शंकपणे ठेवावा. लांब दांडा ओढला की लाकडी ठोकळे मागच्या चाकांच्या धावेवर दाबले जातात. चाक फिरतच राहते, पण जड होते, आणि दाब कमीजास्त करता येतो. वहाणेत हे शक्य नव्हते. ती एक तर घातलेली असते किंवा नसते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या कॉनेस्टोगा या अवजड मालवाहू गाडीत हा दांडा डाव्या अंगाला असे, कारण गाडीवान गाडीत न बसता डाव्या बाजूने चालत असे, मागच्या डाव्या घोड्यावर बसत असे किंवा गाडीच्या डाव्या कुशीतून बाहेर ओढलेल्या फळीवर टेकत असे. ठोकळ्यांना चामडे ठोकत, त्यासाठी जुन्या बुटांचे तळवेही वापरत. आपल्याकडे मुंबईत 1874 साली घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि 1905 पर्यंत चालली. तसल्या ट्राममध्ये हाकणारा पुढच्या फलाटावर उभा राहून एका हाताने लगाम धरी आणि दुसऱ्या हाताने मूठ फिरवी. मूठ फिरली की साखळी दांड्याभोवती गुंडाळली जाई आणि ठोकळे चाकांना आवळत.

आवळण्याची ही कल्पना आपल्या बोलण्यातही आहे. आपण 'करकचून ब्रेक दाबला' म्हणतो. 'करकचून' हे मुळात बांधण्याचे क्रियाविशेषण आहे: मोळी करकचून बांधतात, तंग करकचून आवळतात. पायाने दाबायच्या वस्तूला बांधण्याचा शब्द कोणी ठरवून लावला नसेल. चाक धरून ठेवणे म्हणजे ते आवळणे, ही जाण लोकांच्या भाषेत होतीच. युवेनालच्या खेचरवाल्याचेही क्रियापद तेच.

'खीळ'बद्दलची अनुवादिकेची शंका रास्त आहे. 'कामाला खीळ बसली' असे आपण म्हणतो, पण गाडीच्या चाकाची खीळ म्हणजे आसाच्या टोकाला चाकाबाहेर बसवलेला खुंटा. तो आहे म्हणून चाक आसावर टिकते आणि गाडी चालते. ती निखळली तेव्हा कैकेयीने तिथे आपले बोट घातले आणि दशरथाचा रथ रणात चालता ठेवला, ही कथा कीर्तनात आपण ऐकलेलीच आहे. गाडीच्या वर्णनात 'चाकाला खीळ घातली' असे लिहिले, तर अर्थ बरोबर उलटा होईल.

'वॅगन'ही मी टाळीन, कारण तो शब्द मराठीत मालगाडीच्या डब्यासाठी रुळला आहे. ओझ्याच्या गाडीला 'खटारा' म्हणत असत, पण आता त्याला मोडकेपणाचा अर्थ चिकटल्यामुळे 'घोड्यांची मालवाहू गाडी' एकदा म्हणून पुढे नुसते 'गाडी' लिहावे. त्या वाक्याचा माझा पाठ असा होईल: "उताराच्या माथ्यावर त्याने घोडे थांबवले, मागच्या डाव्या चाकापुढे लोखंडी वहाण ठेवली आणि घोड्यांना पाऊलभर पुढे घेतले, चाक वहाणेवर चढून जागीच थांबले, साखळी ताणली गेली, आणि मागच्या जोडीने पट्ट्यात अंग रेलून धरलेली ती गाडी घसटत, ठिणग्या पाडत खाली उतरू लागली."