शेवटची स्लाइड

प्रिय,

तुझी मेल वाचली. दूषित पाण्यावरच्या तुझ्या परवाच्या व्याख्यानानंतर पर्यावरणवाल्यांनी विचारलं, 'यात विज्ञान कुठे आहे?' समाजशास्त्राच्या बाईंनी विचारलं, 'यात माणसं कुठे आहेत?' म्हणून आता तू दोन वेगळी व्याख्यानं तयार करणार. अगं, व्याख्यान म्हणजे काय गिऱ्हाइकाच्या मापाने शिवून द्यायचा कपडा आहे?

एकच कर. आणि त्यात माणसं शेवटच्या स्लाइडवर टाकू नकोस. परवा तू तेच केलंस. आधी नुसते नमुने, आलेख, एरर बार. अध्यक्षांनी 'दोन मिनिटं' अशी चिठ्ठी पुढे सरकवल्यावर 'सामाजिक पैलू' नावाखाली चार मुद्दे, तेही न वाचता पुढे ढकललेले. बाईंचं काय चुकलं?

बांगलादेशाचं उदाहरण तूच घेतलंस, पण अर्धंच सांगितलंस. उघड्यावरच्या पाण्याने पोरं जुलाब होऊन दगावत होती, म्हणून १९७०च्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदल्या. पुढे १९९३मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक हे विष सापडलं. तुझा आलेख इथे थांबतो. नंतर पंप तपासून रंगवले: लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर लाल, खाली हिरवा. आता लाल पंपवाल्या घरातल्या बाईने कुठे जायचं? दुसऱ्याच्या अंगणात. रोज, कळशी घेऊन, त्या घराशी बोलणं बंद असलं तरी. ती किती पावलं चालेल, तिला कोण आत येऊ देईल, त्यावर तिच्या पोटात किती आर्सेनिक जाणार ते ठरतं. हे तू 'सामाजिक पैलू'त घालणार की 'मात्रे'त?

मलाही हे उशिराच कळलं. विहिरींतल्या नायट्रेटवर (खतांतून पाण्यात झिरपणारा, तान्ह्या बाळांना घातक क्षार) माझं पहिलं व्याख्यान होतं. प्रश्नोत्तरांत एक गृहस्थ उठले, पडद्यापाशी आले आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "हा ठिपका माझ्या विहिरीचा. घरात तान्हं बाळ आहे. उद्यापासून त्याला कुठलं पाणी पाजू?" मी म्हणाले, "ते आमच्या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही." कुणालाही काही वावगं वाटलं नाही. टाळ्यासुद्धा पडल्या.

मला उत्तर येत होतं गं. जागतिक आरोग्य संघटनेची लिटरमागे ५० मिलिग्रॅमची मर्यादा मुळात बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांचा विचार करूनच ठरवलेली आहे. आणि नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. 'उकळू नका, दुसरीकडचं पाणी आणा,' एवढंच सांगायचं होतं. ते बहुधा घरी जाऊन उकळतच राहिले असतील.

तेव्हापासून मी प्रत्येक सेमिनारला हात वर करते: 'यातलं पाणी कोण पितं?' विभागात माझी नक्कल करतात, ठाऊक आहे मला. माझे दोन निबंध 'विस्कळीत' म्हणून परत आले. (त्यातला एक खरोखरच विस्कळीत होता, पण ते असो.) एलिनॉर ऑस्ट्रॉम राज्यशास्त्राच्या, सामायिक पाणी, मासे, जंगलं लोक कशी सांभाळतात ते पाहत हिंडल्या आणि २००९मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना कुठल्या विभागात बसवशील? तू मात्र एका शेऱ्याने गडबडलीस.

माणसं शेवटच्या स्लाइडवर नकोत. तिसऱ्यांदा सांगायला लावू नकोस.

शुक्रवारी तो लाल पंप पहिल्या स्लाइडवर घे. नमुने त्याच्या मागोमाग येऊ देत, एकही वगळू नकोस. फक्त अकरावा आलेख काढून टाक. मागच्या रांगेतून त्यातलं अक्षर दिसत नव्हतं.