जुन्या बुलेटच्या पुढच्या चाकाच्या कॅप आवळल्या की चाक जड होतं. कुठे चुकतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सत्तरच्या दशकातली ड्रम ब्रेकची बुलेट ३५० पूर्ण उघडून रंगवली, पुढचं चाक परत चढवलं, पण शॉकअपच्या खालच्या, एक्सल पकडून ठेवणाऱ्या कॅप आवळल्या की चाक जड फिरतं आणि ब्रेक मारला की हँडल थरथरतं. मिस्त्री म्हणतात, चालवा, आपोआप मोकळं होईल. होणार नाही भाऊ, आणि तोवर गाडी चालवूही नका.

आधी दोष हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात आहे की शॉकअपमध्ये, ते शोधा. चाक खाली काढा, ब्रेक शू बाजूला ठेवा, ब्रेक प्लेट (जिच्यावर शू बसतात ते ड्रमचं झाकण) परत लावून एक्सलचा नट पूर्ण आवळा आणि एक्सलचं टोक दोन बोटांत धरून फिरवून पाहा. इथेच अडकलं तर दोन बेअरिंगच्या मधली नळी राहून गेलीय किंवा आखूड झालीय, नाहीतर एखादं बेअरिंग तळापर्यंत बसलेलं नाही. नळी नसेल तर नट आवळताना बेअरिंगच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि गोळ्यांवर आडवा दाब येतो. आखूड नळीला वायसर लावून वेळ मारून नेऊ नका, लेथवाल्याकडून नवी करून घ्या, दोन्ही तोंडं सरळ कापलेली. बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरू नका. रिकाम्या जागेचा तिसरा हिस्सा पुरे. जास्तीचं ग्रीस नागपूरच्या मे महिन्यात पातळ होतं आणि सील जुनं असेल तर थेट ब्रेक शूच्या लायनरवर उतरतं.

एक्सल लोण्यासारखा फिरला तर हब ठीक आहे. मग रंगावर संशय घ्या. रिस्टोअर केलेल्या गाडीत बहुतेक वेळा घोळ इथेच असतो. पावडर कोटिंगवाला सगळं सरसकट रंगवतो, आणि जिथे लोखंडाला लोखंड टेकायला हवं तिथे रंगाचा थर बसतो. कॅपची अर्धगोल खाच, शॉकअपच्या पायातली तिची जोडीची खाच आणि ब्रेक प्लेटची खाच पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत साफ करा. कानस मात्र लावू नका. कॅप ज्या पायाची त्याच पायाला आणि त्याच दिशेने बसवायची. खुणा करायच्या राहिल्या असतील तर अदलाबदल करून पाहा, पुढची-मागची फट सारखी येते ती जागा बरोबर. कॅप ज्यांवर आवळतात त्या स्टडचे आटे त्या काळच्या गाडीत इंची मापाचे असतात. बाजारातला मेट्रिक नट दोन फेरे जातो आणि मग आटे खातो.

थरथर ब्रेकची आहे. नवं लायनर आणि घासलेला जुना ड्रम यांची गोलाई जुळत नाही. लायनरवर खडू फासा, चाक फिरवून हलका ब्रेक लावा, शू काढा. जिथला खडू पुसला गेला तेवढाच भाग टेकतोय, तो पॉलिश पेपरने उतरवा. तीन-चार वेळा हेच करा, निदान अर्ध्याहून जास्त लायनर टेकू लागेपर्यंत. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

शू परत बसवल्यावर, चाक बाहेरच असताना, प्लेटवरची ब्रेकची दांडी जोरात दाबून धरा आणि त्याच अवस्थेत एक्सलचा नट आवळा. प्लेट ड्रमच्या मधोमध येते. हे जोडीदाराशिवाय होत नाही.

आता चढवणं. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा. मडगार्डच्या दांड्यांचे बोल्ट आधी ढिले करा. वाकडी दांडी दोन्ही पाय ताणून धरते आणि आपण दोष चाकाला देत बसतो. चाक वर घेताना ब्रेक प्लेटची खाच शॉकअपच्या पायावरच्या उंचवट्यावर बसलीच पाहिजे. वाकून, टॉर्च मारून पाहा. ती बसली नाही तर पहिल्याच ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरेल, केबल गुंडाळली जाईल आणि चाक जागेवर अडकेल. बाकी चुका गाडी जड करतात, ही चूक माणूस पाडते.

दोन्ही कॅपचे चारही नट हाताने लावा. फक्त ब्रेकच्या बाजूची कॅप आवळा, पुढचा-मागचा नट आळीपाळीने पाव-पाव फेरा. दुसरी बाजू ढिलीच ठेवा. गाडी स्टँडवरून उतरवा, ब्रेक धरून हँडल पाच-सहा वेळा दणकून खाली दाबा. ढिल्या बाजूचा पाय एक्सलवर सरकून आपली जागा घेतो. मग ती कॅप आवळा, शेवटी मडगार्ड. चारही नट एकदम आवळले की दोन्ही पाय तिरके अडकतात, तुमच्याकडे बहुधा हेच झालंय. पाना छोटा घ्या. पाइप घालून आवळलं की स्टड तुटतो.

केबल जोडताना पाहा, ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि दांडी यांच्यात साधारण काटकोन हवा. त्यापुढे गेली तर जोर वाया जातो.

पुढचा टायर ३.२५-१९. त्यात हवा एकट्यासाठी १८ पीएसआय, डबल सीट असेल तर २२, सकाळी टायर थंड असताना. पंक्चरवाले सवयीने ३० मारतात, मग आपल्या सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवर पुढचं चाक नुसतं उड्या मारतं.

पहिला ब्रेक गाडी ढकलत लावा आणि नजर प्लेटवर ठेवा, ती तसूभरही हलता कामा नये. मग मोकळ्या मैदानात, आणि त्यानंतरच आपल्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सचा उतार. पन्नासेक किलोमीटर झाले की चारही नट आणि स्पोक पुन्हा तपासा. कॅपच्या फटीत राहिलेला रंग याच वेळात दबतो आणि नट पाव फेरा आणखी घेतात.