संदर्भ विभागात रुजू होण्याआधी काय शिकून ठेवावं?

तुम्ही विचारलंय की बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालंय, लवकरच ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात रुजू व्हायचंय, तर कोणकोणती संदर्भसाधनं आधी पाठ करून ठेवावीत. एकही पाठ करू नका. परीक्षेसाठी कोश, वार्षिकं, निर्देशिका, गॅझेटियर यांची वर्गवारी घोकलीत तेवढी पुरे. साधनं रोज हाताळली की आपसूक लक्षात राहतात. समोरच्याला नेमकं काय हवंय ते काढून घेणं मात्र आपसूक येत नाही, आणि संदर्भसेवा म्हणजे मुख्यतः तेच.

हे एवढं ठासून सांगतेय कारण याच मुद्द्यावरून आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझं वर्षानुवर्षं वाजत आलं. त्यांचं म्हणणं असं, की वाचकाने मागितलं ते दाखवलं की आपलं काम संपलं.

एकदा एक वयस्कर गृहस्थ आले. "जुन्या पेपरांच्या फायली कुठे असतात?" सहकाऱ्यांनी मान वर न करता "आत, शेवटच्या रॅकला" म्हणून सांगितलं आणि नोंदवहीत रेघ ओढली. प्रश्न आला, उत्तर दिलं. दुपार उलटली तरी गृहस्थ बाहेर आले नाहीत, म्हणून मी आत गेले. बांधीव खंड जमिनीवर पसरलेले, बोटं धुळीने काळी झालेली, आणि एकेका पानावर बोट फिरवत त्यांचं चाललेलं.

"काका, काही मदत करू का?"

"नको, बघतोय मी."

नवखा माणूस इथेच मागे फिरतो. "मदत करू का" याला बहुतेक लोक नकोच म्हणतात, कारण त्यांना भीड वाटते. मी विचारलं, "सापडलं की ते कुठे दाखवायचंय?" मग मात्र सगळं बाहेर आलं. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात रात्री घराची मागची भिंत कोसळली होती. विम्याचा दावा नाकारला गेला, प्रकरण ग्राहक मंचात गेलं, आणि आता त्या रात्री अतिवृष्टी झाल्याचा पुरावा हवा होता. पुरावा म्हणजे पेपरातली बातमी, असं त्यांच्या मनाने घेतलं, म्हणून त्यांनी पेपर मागितला.

बातमीत "पावसाने झोडपले" एवढंच असतं. आकडा असला तरी तो मोठ्या शहराचा. त्यांना खरं तर लागत होती जवळच्या पर्जन्यमापक केंद्राची नोंद, आणि दैनंदिन पावसाचे छापील तक्ते आमच्याच कपाटात होते. काढले. तर भिंत पडली त्या तारखेपुढे जेमतेम पाऊस! काकांचा चेहरा उतरला. पण आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो आधीच्या 24 तासांचा असतो. म्हणजे रात्री कोसळलेला पाऊस दुसऱ्या दिवसाच्या तारखेला लागतो. पुढची ओळ पाहिली. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला की महसूल खातं अतिवृष्टी धरतं, आणि तिथला आकडा त्याच्या कितीतरी पुढे होता. काकांनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. छायाप्रत दिली, प्रमाणित उतारा हवामान खात्याकडूनच घ्यावा लागेल हे सांगितलं, आणि अर्जात केंद्राचं नाव व तारीख कशी घालायची ते लिहून दिलं.

सहकारी म्हणाले, "त्यांच्या खाजगी भानगडीत आपण कशाला पडायचं?" त्यांची रेघ आणि माझी रेघ नोंदवहीत सारखीच दिसते, हे मला आजही खुपतं.

यात मी काही नवं सांगत नाहीये. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी 1968 मध्येच मांडून ठेवलंय की माणसाची गरज मनात एक असते, शब्दांत येताना वेगळी होते, आणि ग्रंथालय काय देऊ शकेल याच्या अंदाजाने ती आणखी बदलून आपल्यापर्यंत पोचते. काकांचा "पेपर" हा असाच अंदाज होता. अमेरिकेत हर्नन आणि मॅक्लूर या संशोधकांनी ओळख न देता ग्रंथालयांना प्रश्न विचारून पाहिले, तर बरोबर उत्तरं साधारण 55 टक्केच निघाली. 1986 सालची गोष्ट. आणि भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या 1931 च्या पंचसूत्रांतलं चौथं सूत्र तर आपण सगळे परीक्षेत लिहून आलोय, वाचकाचा वेळ वाचवा. एका माणसाची अख्खी दुपार धुळीत गेली, तिथे ते सूत्र कुठे होतं?

आता तुमच्या प्रश्नाकडे. रुजू झाल्यावर विभागातल्या प्रत्येक कोशाची प्रस्तावना वाचा. माहिती कोणत्या सालापर्यंतची आहे, नोंदी कशा लावल्यात, 'क्ष' आणि 'ज्ञ' शेवटी आहेत की 'क' आणि 'ज' मध्ये, अनुस्वार आधी धरलाय की नंतर. हे ठाऊक नसलं की नोंद असूनही "नाही" असं उत्तर जातं. स्वतःची एक वही ठेवा. काय विचारलं, खरं काय हवं होतं, कुठे मिळालं, कुठे नाही मिळालं. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. आणि वाचक निघताना "हवं होतं ते सगळं मिळालं का?" हे विचाराच, अर्धे लोक खरा प्रश्न तेव्हाच विचारतात. हल्ली एआयने सुचवलेले, अस्तित्वातच नसलेले लेख मागायला लोक येतात. "असा लेख नाही" म्हणून परत पाठवू नका, विषय काय आहे ते विचारून खरा लेख काढून द्या.

एक राहिलं. "कशाला हवंय?" असं थेट विचारू नका, ती चौकशी वाटते. "याआधी कुठे पाहिलंत?", "मिळाल्यावर त्याचं काय करायचंय?" असं विचारलं की लोक बोलतात, आणि नाही बोलले तर तिथेच सोडून द्या. आजारपण किंवा कोर्टकचेरी असेल तर साधन काढून द्या, अर्थ लावू नका. काकांनाही दावा मंजूर होईल असं मी म्हटलं नव्हतं. ज्याला खरोखर फक्त पेपर हवा असतो त्याला पेपरच द्या, तशी माणसंही रोज येतात.

तुमचे वरिष्ठ "मागितलं तेवढंच द्या" म्हणाले, तर भांडत बसू नका. नोंदवहीत 'वाचक काय घेऊन गेला' असा एक रकाना वाढवायची परवानगी तेवढी मागा. मला ती मिळाली नाही, तुम्हाला मिळू शकेल.