शब्दकोडी: वाचकांचे प्रश्न, जुन्या जुळाऱ्याची उत्तरं

प्रश्न: माझी मुलगी न्यू जर्सीत असते. आम्ही दोघी रोज वर्डल (सहा ओळींत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ; अक्षर योग्य जागी असेल तर हिरवं होतं, शब्दात पण दुसऱ्या जागी असेल तर पिवळं) खेळतो आणि फोनवर निकाल सांगतो. परवा मी 'अडियू'ने (ए-डी-आय-ई-यू) सुरुवात केली, मग रात्र अर्थाचा 'नाइट' टाकला. शेवटची चारही अक्षरं, आय-जी-एच-टी, हिरवी झाली. पुढे लाइट, राइट, फाइट, साइट असे टाकत गेले आणि सहाही ओळी संपल्या. उत्तर होतं 'माइट'. सगळे शब्द येत असून हरले! – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, शब्द येत होते म्हणूनच हरलात. तुम्ही दर ओळीला एकेक अक्षर तपासत होतात. पहिल्या दोन शब्दांत ए, डी, ई, यू आणि एन बाद झाल्यावर नेहमीच्यातले उरले फाइट, लाइट, माइट, राइट, साइट, टाइट आणि एक जुनापुराणा 'वाइट' (डब्ल्यूपुढे थेट आय, पांढरा तो वेगळा). शब्द सात, ओळी चार. अशा वेळी तिसऱ्या ओळीत 'फिल्म्स' टाकायचा. ते उत्तर नाही हे आपल्याला ठाऊकच असतं. पण त्यात एफ, एल, एम, एस हे चौघे एकदम तपासले जातात. एम पिवळा झाला असता आणि चौथ्या ओळीत तुमचं 'माइट' आलं असतं. चौघांतला एकही रंगला नसता, तरी मागे राइट, टाइट, वाइट हे तीनच शब्द आणि हातात तीन ओळी. फक्त 'हार्ड मोड' चालू असेल तर ही युक्ती लावता येत नाही. तिथे सापडलेलं अक्षर सोडता येत नाही.

आता 'अडियू'बद्दल. चार स्वर एका शब्दात, म्हणून तो लोकांचा फार लाडका. मला तो पटत नाही. मी छापखान्यात इंग्रजी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचो. आमच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, सगळ्यात मोठा खण 'ई'चा, पण टी, एन, एस, आर यांचेही खण ऐसपैस, आणि जे, क्यू, एक्स, झेड कोपऱ्यात चिमूटभर. वरच्या यादीतच बघा ना, स्वर सगळ्यांचा सारखाच; शब्द वेगळा होतो तो पहिल्या व्यंजनाने. म्हणून सुरुवात 'स्लेट' किंवा 'क्रेन'ने करा. दोन स्वर, तीन कामाची व्यंजनं.

आणि विचित्र शब्दांची धास्ती नको. जॉश वॉर्डल यांनी ब्रुकलिनमध्ये हा खेळ बनवला तो जोडीदार पलक शाह यांच्यासाठी. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे १२,००० निघाले. त्यांतून ओळखीचे, अडीच हजारांच्या आसपास, पलक यांनीच निवडले. २०२२च्या जानेवारीत न्यू यॉर्क टाइम्सने खेळ विकत घेतला, त्याआधीची ही गोष्ट.

प्रश्न: स्क्रॅबलमध्ये (अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द करायचा खेळ) शेवटी हमखास माझ्याकडे क्यू उरतो आणि यू मिळत नाही. काही उपाय? – एक वाचक, फोंडा

उत्तर: शंभर सोंगट्यांत क्यू एक, यू चार. यूची वाट बघायचीच कशाला? क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द चालतो: चिनी कल्पनेतली प्राणशक्ती. क्यू-ए-टी म्हणजे येमेनमध्ये चघळतात तो पाला. पाच अक्षरी तर आपल्या कानावरचेच आहेत: फकीर, तलाक, निकाब, किब्ला. अरबी 'काफ'साठी इंग्रजीत क्यू लिहितात, त्यामुळे या सगळ्यांत क्यू आहे आणि यू नाही. बुरख्यात यू आहे, पण क्यूच्या आधी. आणखी एक 'कनात'. तंबूची नव्हे, इराणातली भुयारी पाण्याची वाट. औरंगाबादची मलिक अंबरची नहर त्याच जातीची. एकट्या क्यूचे गुण दहा, तेव्हा तो हातात ठेवून डाव संपवणं परवडत नाही. मात्र कोणता शब्दकोश मानायचा ते खेळाआधी ठरवा, नाहीतर घरात भांडणं.

प्रश्न: शाळेत 'स्टेल' (एस-टी-ए-एल-ई) या शब्दाची पाचही अक्षरं वापरून दुसरे शब्द करायला सांगितलेत. मला तीनच सुचले. – इयत्ता सहावी, नाशिक

उत्तर: बाळा, तुझे तीन कोणते ते लिहिलं नाहीस, म्हणून नेहमीचे सगळेच सांगतो: लीस्ट, स्लेट, स्टील (चोरणे, धातूच्या स्टीलमध्ये ई दोन असतात), टेल्स. बदकांतली 'टील' अनेकवचनात घेतलीस तर पाचवा. पाठ करू नकोस, रीत शिक. अक्षरं वर्णक्रमाने मांड: ए, ई, एल, एस, टी. ज्या शब्दाची मांडणी अशीच येते तो या घरातला. संगणकालाही असे शब्द शोधायला हीच रीत शिकवतात. कागदावर मात्र पाचही अक्षरं गोलात लिही. ओळीत लिहिली की डोळा जुनाच शब्द वाचत राहतो. मग एस-टी, एस-एल अशा जोड्या पुढे ठेवून बघ, मागे ठेवून बघ.

आणि बोलून बघू नकोस, लिहून बघ. आपण मराठी माणसं इंग्रजी शब्द कानाने ओळखतो. बरोबर अर्थाचा 'राइट' आणि लिहिणे अर्थाचा 'राइट' दोन्ही पाच अक्षरी, कानाला एकच, आणि सारखी अक्षरं जेमतेम तीन.

प्रश्न: स्वर अजिबात नसलेला इंग्रजी शब्द असतो का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: वाय स्वराचं काम करतो तो चालत असेल तर भरपूर: हिम, निम्फ, क्रिप्ट, सहा अक्षरी 'ऱ्हिदम'. वायही नको असेल तर वेल्श भाषेतून आलेला 'कूम' घ्या: सी, डब्ल्यू, एम. डोंगरातली वाटीसारखी दरी. गिर्यारोहकांना तो माहीत असतो, कारण एव्हरेस्टच्या वाटेवरच्या हिमदरीला जॉर्ज मॅलरीने १९२१मध्ये 'वेस्टर्न कूम' नाव दिलं. स्क्रॅबलमध्ये चालतो. तीन, चार आणि तीन मिळून दहा गुण.