हिरा कुठला आणि त्यावर काय केलंय, हे विकत घेण्याआधी कसं कळणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीला राहता, बायकोसाठी अर्ध्या कॅरेटच्या एका हिऱ्याची अंगठी आणि मंगळसूत्रासाठी बारीक हिऱ्यांचं पेंडंट घ्यायचंय, दादरच्या दुकानात ‘सगळं नॅचरल, सर्टिफाइड आहे’ एवढंच सांगतात. हिरा कुठून आला, त्यावर काही प्रक्रिया केली आहे का, आणि घरी काही तपासता येतं का?

शेवटचं आधी सांगतो. घरी काही कळत नाही. फुंकर मारून वाफ किती लवकर उडते, खडा पाण्यात कसा बुडतो, वर्तमानपत्रावर ठेवला तर अक्षरं दिसतात का, हे सगळं फार तर काच किंवा अमेरिकन डायमंड बाजूला काढेल. लॅबमध्ये वाढवलेला हिरा या सगळ्यातून आरामात पास होतो, कारण तोही हिराच आहे: तोच कार्बन, तीच स्फटिकरचना. दुकानातलं पेनासारखं टेस्टर बहुधा खड्यातून उष्णता किती वेगाने वाहते ते मोजतं, त्यामुळे ते सीव्हीडीवरही, म्हणजे लॅबमध्ये वायूपासून वाढवलेल्या हिऱ्यावरही, पास दाखवतं. ते लावून दुकानदार ‘बघा, असली’ म्हणाला तर तो खोटं बोलत नाही, पण तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तरही देत नाही. आणि घणाखाली ठेवून खऱ्या-खोट्याची परीक्षा करण्याचा सल्ला कोणी काकांनी दिला तर कृपया ऐकू नका. हिऱ्यावर ओरखडा उठत नाही हे खरं, पण ठरावीक दिशेने ठोका बसला तर तो सरळ दुभंगतो.

मी हिऱ्यांच्या असॉर्टिंगच्या, म्हणजे प्रतवारीच्या, टेबलावर काम केलं आहे, आधी ऑपेरा हाऊसला आणि बाजार 2010 मध्ये बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्समध्ये हलल्यावर तिकडे. ‘सर्टिफाइड’ ऐकलं की गिऱ्हाईक निवांत होतं, आणि माझी खरी तक्रार तिथेच आहे. तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न आहेत. हिरा जमिनीतून निघाला की यंत्रात वाढला? निघाल्यावर त्याचा रंग किंवा शुद्धता सुधारायला काही केलं का? आणि निघाला तर कुठल्या देशातून? पहिल्या दोन्हींचं उत्तर प्रयोगशाळा देऊ शकते. तिसऱ्याचं सहसा देऊ शकत नाही. आणि तिन्हींची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकणारा कागद म्हणजे बिल, सर्टिफिकेट नव्हे.

आधी प्रक्रियांबद्दल, कारण याबद्दल काउंटरवर कोणी बोलत नाही. हिऱ्यात काळा ठिपका असेल तर लेसरने केसाहूनही बारीक भोक पाडून आत ॲसिड पोचवतात आणि ठिपका फिका करतात. भोक कायम राहतं, दहापट मोठं दाखवणाऱ्या आयग्लासखाली बाजूने पाहिलं तर सराईत माणसाला दिसतं. दुसरा प्रकार म्हणजे पृष्ठभागापर्यंत आलेल्या भेगेत शिसेयुक्त काच भरणं. भेग दिसेनाशी होते, खडा एकदम स्वच्छ वाटतो. हा मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण तो टिकत नाही. उद्या अंगठी सैल झाली म्हणून कारागिराकडे दिली आणि त्याने झाळण्याची ज्योत जवळ नेली की भराव बिघडतो, आणि घरी आलेला हिरा तुम्ही दिलेला हिरा वाटतच नाही. मग भांडण कारागिराशी होतं, ज्याचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो. हिरा हळूहळू फिरवताना आत निळसर-जांभळी किंवा नारिंगी झाक चमकून गेली तर शंका घ्यायची.

रंग सुधारायचे प्रकार निराळे. विशिष्ट जातीचा तपकिरी नैसर्गिक हिरा प्रचंड दाबाखाली, प्रचंड तापमानात ठेवला की पांढरा होतो. याला एचपीएचटी म्हणतात. गंमत म्हणजे याच नावाच्या पद्धतीने मुळातून हिरे वाढवतातही, त्यामुळे कागदावर ‘एचपीएचटी’ दिसलं तर कुठल्या अर्थाने ते विचारा. हा बदल कायमचा असतो, पण किमतीत फरक पडतो आणि तो तुम्हाला सांगितलाच पाहिजे. किरणोत्साराने हिरवा-निळा रंग आणण्याचा खटाटोप तर जुना आहे. विल्यम क्रूक्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1904 च्या सुमारास हिरे रेडियमच्या क्षारात पुरून हिरवे केले, आणि ते नंतर स्वतःच किरणोत्सारी झाले. आता सुरक्षित पद्धती आहेत. पण दुकानात दिसणारे ‘ब्लॅक डायमंड’ बहुतेक असे प्रक्रिया करूनच काळे केलेले असतात, हे लक्षात ठेवा. रंगाचा पातळ लेप देणं हा आणखी एक प्रकार, तो घासून जातो.

आता रिपोर्ट. जीआयए आणि आयजीआय ही हिरे तपासणाऱ्या संस्थांची दोन नावं तुम्हाला मुंबईत सगळीकडे ऐकू येतील, दोघांच्या प्रयोगशाळा बीकेसीत आहेत. जीआयए काचभराव केलेल्या किंवा लेप दिलेल्या हिऱ्याला ग्रेडिंग रिपोर्टच देत नाही. लेसरचं भोक किंवा एचपीएचटी असेल तर देते, पण तसं नमूद करून. म्हणून रंग आणि शुद्धतेची मोठी अक्षरं बघून कागद मिटू नका. खाली शेऱ्यांची जागा असते, ती वाचा. लॅबच्या हिऱ्यावर आयजीआयच्या रिपोर्टचा नंबर ‘एलजी’ने सुरू होतो. हे फार कमी लोकांना माहीत असतं, पण लॅबच्या हिऱ्यावरही प्रक्रिया होते. सीव्हीडीने वाढवलेला खडा बऱ्याचदा तपकिरी निघतो, तो नंतर एचपीएचटीने उजळ करतात, आणि रिपोर्टवर वाढीनंतरच्या प्रक्रियेचा उल्लेख असतो किंवा ‘असू शकते’ असा मोघम शेरा असतो. जीआयएने तर ऑक्टोबर 2025 पासून लॅबच्या हिऱ्यांना नैसर्गिक हिऱ्यांसारखी रंग-शुद्धतेची श्रेणी देणं बंद केलं, फक्त ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’ एवढंच. रिपोर्टवर किंमत नसते, हेही सांगून ठेवतो. ती वेगळ्या कागदावर छापलेली दिसली तर ते दुकानाचं कौतुक समजा.

अंगठीचा हिरा शक्यतो सुटा असतानाच बघा, सेटिंगमध्ये बसवलेला नको. रिपोर्टचा नंबर प्रयोगशाळेच्या साइटवर स्वतः टाका, दुकानदाराने दिलेला क्यूआर स्कॅन करून नव्हे. मग वजन कॅरेटच्या शतांशापर्यंत आणि मापं मिलिमीटरच्या शतांशापर्यंत जुळवा. हिऱ्याच्या कमरेवर लेसरने तोच नंबर कोरलेला असेल तर आयग्लासमधून तो वाचायला मागा. मात्र नुसत्या कोरीव नंबरवर विसंबू नका. नैसर्गिक हिऱ्याचा नंबर लॅबच्या हिऱ्यावर कोरून आणलेले नमुने प्रयोगशाळांनीच पकडले आहेत. नंबर, वजन, मापं आणि रिपोर्टवर असेल तर आतले दोष दाखवणारा नकाशा हे सगळं एकत्र जुळलं तर जुळलं म्हणायचं.

अंगठीपेक्षा मला तुमच्या पेंडंटची जास्त काळजी वाटते. एक सेंटचा, म्हणजे कॅरेटच्या शंभराव्या भागाचा, खडा म्हणजे दोन मिलिग्रॅम, जेमतेम तिळाएवढा. अशा बारीक मालाच्या एका पुडीत हजारो खडे असतात आणि प्रत्येकाचा स्वतंत्र रिपोर्ट काढणं कोणालाच परवडत नाही. नैसर्गिक मालात थोडा सीव्हीडी मिसळायचा मोह नेमका इथेच होतो. कधी मुद्दाम, कधी कारखान्यात दोन पुड्या शेजारी ठेवून. डोळ्यांनी ओळखू म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मी टेबलावर बसून रंग, घाट, डाग झटपट वेगळे करायचो, पण नैसर्गिक आणि लॅबचा खडा नुसत्या आयग्लासने खात्रीने वेगळा करता येत नाही. त्यासाठी स्क्रीनिंगची यंत्रं आहेत. ती खड्यांची जात बघून शंकास्पद माल बाजूला काढतात, मग त्याची पुढची तपासणी होते. नैसर्गिक हिऱ्यांपैकी फार थोडे नायट्रोजन जवळजवळ नसलेल्या ‘टू-ए’ जातीचे असतात, तर पांढरा सीव्हीडी जवळपास सगळाच त्या जातीचा, यावर पहिली चाळण चालते.

म्हणून दुकानात विचारायचं: या पेंडंटमधले सगळे खडे स्क्रीन केलेत का, बसवण्याआधी की नंतर, आणि कोणी केले? दागिन्याचा रिपोर्ट असेल तर त्यात रंग-शुद्धता ‘जी-एच, व्हीएस-एसआय’ अशी पल्ल्यात दिलेली असते, आणि तीही सेटिंगमधून जेवढं दिसलं तेवढ्यावर. मागून बंद असलेल्या सेटिंगमध्ये फारच कमी दिसतं. तुम्ही मागून उघडं सेटिंग मागा.

हॉलमार्कबद्दलही बोलायला हवं. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) त्रिकोण, 750 किंवा 585 हा शुद्धतेचा आकडा आणि दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक एचयूआयडी हे सगळं सोन्याबद्दल आहे. बीआयएस केअर ॲपवर ते तपासा जरूर, पण त्याचा हिऱ्याशी काडीचा संबंध नाही. ‘हॉलमार्क आहे म्हणजे हिराही खरा’ असं मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलंय.

आता ‘कुठून’. माणिक किंवा पाचूच्या बाबतीत प्रयोगशाळा आतल्या मूलद्रव्यांच्या अंशावरून म्यानमार, कोलंबिया असं मत देऊ शकते. हिरा जवळजवळ शुद्ध कार्बन. पैलू पाडलेला हिरा हातात दिला तर तो बोत्स्वानाचा, रशियाचा की अंगोलाचा हे त्याला पाहून सांगता येत नाही. सांगायचं तर खाणीपासूनची कागदांची साखळी लागते. खाणीतून निघताना रफची, म्हणजे पैलू न पाडलेल्या कच्च्या हिऱ्याची, नोंद झाली असेल, नंतर तयार हिरा त्याच रफशी जुळवला असेल, तरच. डी बीअर्स या खाण कंपनीची ट्रेसर ही अशी नोंदींची व्यवस्था आहे, जीआयएनेही 2019 मध्ये रफशी जुळवून मूळ सांगणारा रिपोर्ट आणला. तुम्ही बघताय त्या आकाराच्या हिऱ्यासोबत दादरमध्ये असा कागद मिळाला तर उत्तम, पण अपेक्षा धरू नका.

‘किंबर्ली सर्टिफाइड’ हे मात्र हमखास ऐकाल. किंबर्ली प्रक्रिया ही संघर्षाला पैसा पुरवणारे हिरे रोखण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था 2003 पासून चालू आहे आणि ती फक्त रफच्या पार्सलना लागू आहे, तुमच्या अंगठीतल्या हिऱ्याला असं प्रमाणपत्र नसतंच. शिवाय अशा हिऱ्यांची तिची व्याख्या अरुंद आहे: सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवणारे हिरे. खाणीतली मजुरी, बालकामगार, सरकारी सैन्याचा अत्याचार यातलं काही तिच्या व्याख्येत बसत नाही. ही व्यवस्था उभी करणाऱ्यांपैकी ग्लोबल विटनेस ही संस्था 2011 मध्ये याच नाराजीतून बाहेर पडली. घाऊक व्यापारात बिलावर ‘हे हिरे कायदेशीर स्रोतांकडून घेतले असून संघर्षाला पैसा पुरवणाऱ्यांशी त्यांचा संबंध नाही’ अशा अर्थाचं वाक्य छापायची पद्धत आहे. दुकानदाराला विचारा की त्याच्या खरेदीच्या बिलावर ते आहे का. आणि रशियन हिऱ्यांवर जी-सात देशांनी 2024 पासून बंदी घातली असली तरी ती भारतात विक्रीला लागू नाही. तुम्हाला तत्त्व म्हणून ते नको असतील तर तसं स्पष्ट सांगून विचारावं लागेल.

जाता जाता: ‘बेल्जियमचा हिरा’ ऐकून मान डोलवू नका. बेल्जियममध्ये हिऱ्याची खाण नाही, अँटवर्प ही व्यापाराची पेठ आहे, आणि जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात. ‘गोवळकोंड्याचा’ म्हणाले तर जास्तच सावध. त्या खाणी केव्हाच संपल्या, आज हे नाव बाजारात एका स्वच्छ जातीसाठी मिरवतं. भारतात आज हिरे निघतात ते मुख्यतः मध्य प्रदेशात पन्नाला.

लॅबचा घेऊ का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. दिसायला आणि टिकायला काही कमी नाही. मात्र त्याचे भाव गेल्या काही वर्षांत फार पडले आहेत, त्यामुळे परत विकायचा विचार असेल तर घेऊ नका. माझ्या पुतणीने स्वतःच्या साखरपुड्यासाठी लॅबचा घेतला, सांगून-सवरून, आणि मला तो निर्णय पटला. आक्षेप आहे तो नैसर्गिकच्या भावात लॅबचा देण्यावर. आपल्या बीआयएसच्या मानकानुसार नुसता ‘डायमंड’ हा शब्द नैसर्गिकसाठीच आहे.

तर पैसे देण्याआधी पक्क्या बिलावर, कच्च्या चिठ्ठीवर नव्हे, हे लिहून घ्या: ‘अंगठीतील व पेंडंटमधील सर्व हिरे नैसर्गिक, कोणतीही प्रक्रिया न केलेले. अंगठीतील हिऱ्याचा रिपोर्ट क्रमांक अमुक. स्वतंत्र तपासणीत वेगळे आढळल्यास पूर्ण रक्कम परत.’ सोबत हिऱ्यांचं वजन आणि सोन्याचं निव्वळ वजन वेगवेगळं, नाहीतर हिऱ्याचे मिलिग्रॅम सोन्याच्या भावात जातात. बायबॅकचे टक्केही तिथेच. चांगला सराफ हे लिहून देताना कां-कू करत नाही. ‘आमच्यावर विश्वास नाही का’ म्हणाला तर विश्वास आहे म्हणूनच लिहून मागतोय म्हणा, आणि तरी नाही म्हणाला तर दादरला सराफांची कमतरता नाही.

घेतल्यावर शंका आलीच तर दागिना मोडू नका, दुरुस्तीला देऊ नका. आधी प्रयोगशाळेला फोन करून ते दागिना तपासायला घेतात का ते विचारा. वेगळं निघालं आणि दुकान दाद देईना, तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. तिथे तुमच्याकडे पहिल्यांदा मागतील ते हे बिल.